शिक्षकाची चित्रकला

एखादा चांगला चित्रकार कलाशाळेत शिकवू लागला, की आपल्याकडे त्याच्याविषयी हळहळायची पद्धत आहे. नोकरीत अडकला, विद्यार्थ्यांच्या पाठीमागे आयुष्य गेलं, स्वतःच्या कामाला वेळ मिळाला असता तर आज कुठल्या कुठे असता, असं बोललं जातं. चित्र काढणं हे खरं काम आणि शिकवणं ही त्या कामाच्या वेळेतून द्यावी लागणारी किंमत, हे या हळहळीमागचं गृहीत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे अधिष्ठाता राहिलेल्या शंकर पळशीकरांचं नाव निघालं, तरी बोलणं त्यांच्या चित्रांवर थोडाच वेळ टिकतं आणि मग त्यांच्या विद्यार्थ्यांकडे वळतं. के. जी. सुब्रमण्यन यांच्याविषयी वाचायला सुरुवात करण्यापूर्वी हे गृहीत बाजूला ठेवावं, अशी वाचकाला माझी पहिली विनंती आहे. १९५१ साली ते बडोद्यात शिकवू लागले आणि १९८९ साली शांतिनिकेतनमधून निवृत्त झाले. या अडतीस वर्षांत हातमाग मंडळातल्या नोकरीचा आणि परदेशी अभ्यासवृत्त्यांचा काळ सोडला, तर ते सतत विद्यार्थ्यांमध्ये होते. याच काळात त्यांनी तैलचित्रं केली, भाजलेल्या मातीची उठावशिल्पं केली, काचेवर रंगवलं, भिंती उभारल्या, खेळणी बनवली, मुलांसाठी पुस्तकं केली आणि आधुनिक भारतीय कलेबद्दल स्वच्छ, ठाम निबंध लिहिले. माझं म्हणणं असं, की त्यांची चित्रकला त्यांच्या शिकवण्याला न जुमानता वाढलेली नाही; ती त्यातूनच वाढली आहे. शिकवणं वजा केलं, तर मागे उरणारा चित्रकार मोठा होत नाही, उलट त्याच्या कामातल्या निम्म्या गोष्टींची कारणंच हरवतात.

कल्पाति गणपती सुब्रमण्यन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १९२४ रोजी उत्तर केरळातल्या कुथुपरंबा इथे तमिळ कुटुंबात झाला. लहानपणीचा मोठा काळ जवळच्या माहेमध्ये गेला. माहे तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं. घरात तमिळ, अंगणाबाहेर मल्याळम, शाळेत इंग्रजी आणि कचेरीवर फ्रेंच झेंडा, अशा जागी वाढलेल्या मुलाला एकच एक परंपरा ही आपली मालमत्ता आहे, असं वाटणं अवघडच होतं. चेन्नईच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकले. १९४२च्या चळवळीत उतरले, तुरुंगात गेले आणि सुटल्यावर सरकारी महाविद्यालयांची दारं त्यांना बंद झाली. १९४४ साली ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बसूंकडे दाखल झाले. हा क्रम नीट लक्षात ठेवायला हवा. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश घोटत, वर्षावर्षाच्या परीक्षा देत ते चित्रकलेत आलेले नाहीत. समाजाची घडी कशी बसते, हातांनी काम करणाऱ्या माणसाचं त्यात स्थान काय, हे गांधीविचारातून आलेले प्रश्न आधी होते. चित्र नंतर आलं. पुढे आयुष्यभर ते कलेकडे एकट्या प्रतिभावंताची मिरास म्हणून पाहू शकले नाहीत, त्याचं मूळ मला या उलट्या प्रवेशात दिसतं.

कलाभवनात त्यांना तीन शिक्षक मिळाले आणि तिघांत कसलंही साम्य नव्हतं. नंदलाल बसू यांनी अजिंठ्यापासून पटचित्रांपर्यंत सगळं पचवून हरिपुरा काँग्रेससाठी १९३८ साली फलक रंगवले होते. रामकिंकर बैज यांनी सिमेंट आणि खडीतून संथाळ कुटुंब उघड्यावर उभं केलं होतं. बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी जन्मापासून अधू होती, आणि त्या अधू दृष्टीनेच ते शतकातलं एक मोठं भित्तिचित्र करायला निघाले होते. १९४६-४७ मध्ये हिंदी भवनाच्या तीन भिंतींच्या वरच्या भागात त्यांनी मध्ययुगीन संतांचं चित्र रंगवलं, तेव्हा हाताखाली जे विद्यार्थी होते त्यांत सुब्रमण्यन होते. ओल्या गिलाव्यावर रंग लावण्याच्या या पद्धतीत त्या दिवशी पुरेल तेवढाच गिलावा लावायचा असतो आणि तो वाळायच्या आत काम संपवायचं असतं. बिनोदबिहारींनी पूर्ण आकाराचा आराखडा भिंतीवर न उतरवता थेट रंगवलं. कबीर, सूरदास, रामानुज, गुरू गोविंदसिंग आणि त्यांच्या भोवतीची कामकरी माणसं नदीच्या पात्रासारखी भिंतीवरून वाहत जातात. मध्यभागी बसवलेला नायक नाही. तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हे जवळून पाहिलं, त्यासाठी गिलावा आणि रंग तयार केले. इथे शिकणं आणि करणं यांत भिंत नव्हती, म्हणजे खरं तर भिंत हीच शाळा होती. शिक्षक समजावून सांगत नव्हता, तो काम करत होता आणि शिष्य त्या कामात उभा होता. हा धडा सुब्रमण्यन यांनी बडोद्यात जसाच्या तसा नेला नाही. त्यांनी तो मोठ्या संस्थेला पेलेल असा केला.

बडोदा ही मराठी वाचकाला परकी जागा नाही. सयाजीराव गायकवाडांनी बांधलेल्या कीर्तिमंदिरातली भित्तिचित्रं नंदलाल बसूंचीच. स्वातंत्र्यानंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं, हंसा मेहता कुलगुरू झाल्या आणि १९५० साली ललित कला विभाग सुरू झाला. चित्रकलेचं खातं ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे होतं, शिल्पकलेचं शंखो चौधुरी यांच्याकडे. आधीच्या सरकारी कलाशाळा इंग्रजी अमलात सुरू झाल्या होत्या, जे.जे. तर १८५७ची. त्यांच्या अभ्यासक्रमाला शंभर वर्षांचं वळण होतं आणि ते वळण मोडायचं तर आतल्याच लोकांशी भांडावं लागे. बडोद्यात मोडायला काही नव्हतं. विद्यापीठाची पदवी असल्यामुळे चित्रकलेच्या विद्यार्थ्याला कलेचा इतिहासही शिकावा लागे, आणि तो शिकवणारे अभ्यासक त्याच आवारात होते. बेंद्रे यांनी रंग आणि रचनेवरचं प्रभुत्व आणलं. क्यूबिझमपासून देशी लघुचित्रांपर्यंत सहज वावरणारा त्यांचा हात विद्यार्थ्यांना निर्भय करत असे. सुब्रमण्यन यांचं योगदान वेगळं. कुठलीही चित्रशैली ही आधी एक भाषा असते, तिला व्याकरण असतं, ती कुठल्यातरी साहित्यातून आणि कुठल्यातरी गरजेतून घडलेली असते, हे त्यांनी शिकवण्याच्या मध्यभागी आणलं. १९५५-५६ मध्ये ते ब्रिटिश कौन्सिलच्या अभ्यासवृत्तीवर लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये जाऊन आले. त्यानंतरच्या चित्रांत युरोपीय आधुनिकतेची जाण स्पष्ट आहे. तिच्यापुढे दबून जाणं मात्र दिसत नाही.

१९५९ ते १९६१ ही दोन वर्षं ते मुंबईत होते, अखिल भारतीय हातमाग मंडळात डिझाइनचे उपसंचालक म्हणून. त्यांच्या चरित्रात ही दोन वर्षं सहसा एका ओळीत उरकली जातात. माझ्या मते त्यांच्यावर थांबायला हवं. विणकर सेवा केंद्रं तेव्हा नवी होती आणि चित्रकारांना तिथे कामाला घेतलं जात होतं. प्रभाकर बरवे यांनीही पुढे अनेक वर्षं याच केंद्रांत काम केलं. चित्रकार कागदावर नमुना काढतो, विणकर तो मागावर उतरवतो, अशी या योजनेची सोपी कल्पना. प्रत्यक्षात माग कागदाचं ऐकत नाही. ताणा उभा, बाणा आडवा. कागदावरची गोलाई मागावर आली की तिच्या पायऱ्या होतात. येवल्याच्या पैठणीच्या पदरावरचा मोर जवळून पाहावा. त्याच्या मानेचा बाक लहान लहान टप्प्यांनी चढतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या हद्दीपर्यंत जाऊन शेजारच्या धाग्यात अडकून परत फिरतो. त्या टप्प्यांतूनच मोराला त्याचा डौल येतो. हे ठाऊक असलेला विणकर कागदावरच्या नमुन्यात काय शक्य आहे आणि काय नाही, हे पाहताक्षणी सांगतो. आणि कधी कधी चित्रकाराला न सुचलेलं तिसरंच काही करून दाखवतो. साहित्य हे कल्पनेचं वाहन नाही, साहित्य स्वतः विचार करायला लावतं, हे सुब्रमण्यन इथे शिकले. त्यांचे नंतरचे निबंध वाचताना हा अनुभव पानोपानी जाणवतो. कारागिराच्या कामाचं कौतुक करणारे पुष्कळ होते. त्या कामाची बुद्धी कशी चालते, हे सांगणारे थोडे.

बडोद्याला परतल्यावर त्यांनी हा अनुभव अभ्यासक्रमाच्या कागदावर ठेवला नाही. ललित कला विभागाची जत्रा भरायची आणि त्या जत्रेसाठी शिक्षक-विद्यार्थी मिळून वस्तू बनवायचे: खेळणी, बाहुल्या, मुखवटे, मातीची भांडी, छापील कापड, छोटी पुस्तकं. सुब्रमण्यन यांची लाकूड, चामडं, मणी, बांबू यांतून केलेली खेळणी अशाच जत्रांसाठी झाली. १९६९चं त्यांचं मुलांसाठीचं पुस्तकही याच वातावरणातलं. देवाने सगळे प्राणी आधी एकसारखेच घडवले होते आणि मग एकेकाला वेगळेपण कसं मिळालं, याची ती गोष्ट. कुणी म्हणेल, ही तर गंमत. तैलचित्रांच्या शेजारी तिला कशाला बसवायचं? पण खेळणं बनवताना काय करावं लागतं, ते पाहा. लाकडाचा ठोकळा आहे. त्याला घोडा म्हणायचं आहे. फार कापायचं नाही, कारण लाकूड, वेळ आणि पैसा मोजका आहे. तेव्हा घोड्याचं नेमकं काय ठेवलं म्हणजे तो घोडा राहील? मान ठेवायची की शेपूट? दोन मणी डोळे होतील की नाकपुड्या? अमूर्तीकरणाचा हाच प्रश्न आधुनिक चित्रकार मोठ्या कॅनव्हाससमोर सोडवतो. जत्रेत तो प्रश्न आठ आण्यांच्या वस्तूत सोडवावा लागतो आणि उत्तर बरोबर आहे की नाही, हे विकत घेणारं पोर लगेच सांगतं. १९६८ ते १९७४ या काळात सुब्रमण्यन विभागाचे अधिष्ठाता होते. त्यांच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या चित्रांतले प्राणी, माणसं, खिडक्या, कुंड्या एकाच खुणेतून दोन-दोन अर्थ देतात. ती सवय मला या खेळण्यांच्या टेबलावर लागलेली दिसते.

लखनौच्या चारबाग स्थानकासमोर रवींद्रालय आहे. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनंतर, १९६३च्या सुमारास, त्याच्या दर्शनी भिंतीवर सुब्रमण्यन यांनी भाजलेल्या मातीचं लांबलचक उठावचित्र केलं. विषय रवींद्रनाथांच्या ‘राजा’ या नाटकाचा. त्यातला राजा अंधाऱ्या दालनात भेटतो. राणी सुदर्शनेला त्याला उजेडात पाहायचं असतं आणि उजेडात ती भलत्यालाच राजा समजते. जो दिसतच नाही, त्याचं चित्र भर उन्हातल्या भिंतीवर काढायचं, हा विषयाचाच पेच. त्याला साहित्याने उत्तर दिलं. माती वाळताना आणि भट्टीत आकसते, मोठी लादी तडकते. म्हणून सगळं लहान तुकड्यांत करावं लागतं. पट्ट्या, चकत्या, नळ्या, खाचा पाडलेल्या फरश्या असे थोडेसे मूळ आकार ठरवायचे आणि त्यांच्या जुळणीतून चेहरा, मुकुट, झाड, मिरवणूक बनवायची. हे काम एका माणसाच्या हातचं नसतं. ते अनेक हातांत वाटता येईल, अशा रीतीनेच रचावं लागतं. प्रत्येक हाताला थोडी मोकळीक हवी आणि तरी भिंत एक राहिली पाहिजे. उन्हाच्या कलाबरोबर उठावाच्या सावल्या सरकतात, आकृती दिसतात आणि विरतात. नाटकाचा आशय भिंतीवर येतो तो या सावल्यांमधून. शिक्षकाला जे रोज वर्गात जमवावं लागतं, म्हणजे मोकळीक आणि शिस्त यांचा मेळ, तेच या भिंतीचं बांधकाम आहे. एकट्याने स्टुडिओत बसणाऱ्या चित्रकाराला ही भिंत सुचली असती, पण अशी सुचली नसती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सगळ्यात जुना: हा माणूस फार ठिकाणी पसरला. तैलरंग, ग्वाश, माती, काच, भिंत, विणकाम, पुस्तकं. यातलं एकच धरलं असतं तर खोल गेला असता. या आक्षेपाला एक तुलना बळ देते. १९४७ साली मुंबईत जमलेल्या प्रोग्रेसिव्ह गटातले रझा, सूझा, हुसेन यांनी प्रत्येकी आपली एक ओळखू येणारी खूण घडवली. रझांचा बिंदू लांबून ओळखता येतो. सुब्रमण्यन यांची अशी खूण सांगता येत नाही. पण खूण नसणं आणि खोली नसणं एक नव्हे. काचेवरची त्यांची चित्रं घ्या. सत्तरचं दशक संपता संपता ते काचेच्या आणि नंतर अक्रिलिकच्या तावांवर उलट्या बाजूने रंगवू लागले. तंजावरच्या मराठा राजवटीत बहरलेल्या काचचित्रांची हीच पद्धत. त्यात क्रम उलटा असतो. कॅनव्हासवर आधी पार्श्वभूमी, मग आकृती, शेवटी डोळ्यातला ठिपका. काचेवर तो ठिपका पहिला, मग बाहुली, मग डोळ्याचा पांढरा, मग चेहरा, आणि पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. वरून दुरुस्ती करता येत नाही, कारण वर म्हणजे काच. चूक सुधारायची तर खरवडूनच काढावी लागते. शिवाय डावं-उजवं उलट होतं. म्हणजे पूर्ण चित्र मनात पक्कं हवं आणि हात तरीही खेळता हवा. ज्याने आयुष्यभर वेगवेगळी साहित्यं हाताळली आणि प्रत्येकाचा स्वभाव विद्यार्थ्यांना समजावून दिला, त्यालाच पन्नाशी उलटल्यावर अशा अडचणीच्या माध्यमात इतकं सहज होता आलं. माध्यम बदललं की त्यांचा प्रश्न बदलत नाही: ठिपका, रेघ, डाग यांतून वस्तू कधी जन्मते आणि कधी पुन्हा नुसता डाग होते? हा एकच प्रश्न ते मातीत, काचेत आणि रंगात विचारत राहिले. याला पसरणं म्हणता येणार नाही.

या आक्षेपात एक अंश मात्र खरा आहे आणि तो झाकू नये. उत्तरकाळातल्या त्यांच्या पुष्कळ ग्वाशांमध्ये हात फार सफाईने चालतो. खिडकीतली स्त्री, मांजर, पक्षी, देवीचं घरगुती रूप, फळांची परडी हे घटक पुन्हा पुन्हा जमतात आणि कधी कधी त्यांच्या येण्याला नव्या शोधाचं कारण उरत नाही. विशेषतः स्त्रीच्या आकृतीला ते मोहक आणि भयकारी अशा दोनच टोकांना वारंवार नेतात. मधलं साधं, कामातलं, कंटाळलेलं बाईमाणूस त्यांच्या चित्रांत क्वचितच दिसतं. त्यांच्या विद्यार्थिनी नीलिमा शेख यांच्या चित्रांत ते दिसतं. ही उणीव शिकवण्यामुळे आली, असं मात्र मला वाटत नाही. उलट ज्या कामांत दुसऱ्यांचे हात आणि दुसऱ्यांची गरज सामील आहे, त्या भिंती, ती खेळणी, ती पुस्तकं या सहजतेच्या सापळ्यात सगळ्यात कमी अडकलेली आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कारागिरीबद्दलची ही आस्था शहरी, शिकलेल्या माणसाचं स्वप्नरंजन तर नाही? विणकराला मजुरी किती मिळते, कुंभाराचा मुलगा चाकावर का बसत नाही, हे प्रश्न चित्रकाराच्या कौतुकाने सुटत नाहीत. आक्षेप बिनतोड ठरला असता, जर सुब्रमण्यन यांनी परंपरा गोठवून जपायला सांगितलं असतं तर. त्यांच्या लेखनाचा रोख नेमका याच्या उलट आहे. ‘मूव्हिंग फोकस’ हे १९७८चं आणि ‘द लिव्हिंग ट्रॅडिशन’ हे १९८७चं, या दोन्ही निबंधसंग्रहांच्या नावांतच हालचाल आणि जिवंतपण आहे. परंपरा जगते ती नव्या गरजांना उत्तर देत राहिल्यामुळे, आणि ती थांबते तेव्हा तिला संग्रहालयात ठेवून काही साधत नाही, हा त्यांचा विचार. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि हातमाग मंडळाचा नोकर म्हणून बाजार काय असतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरीही मी मान्य करतो, की कारागिराचं जातीशी असलेलं नातं त्यांच्या निबंधांत हवं तितकं पुढे येत नाही. कौशल्य पिढ्यान् पिढ्या एका घरात राहिलं, ते आवडीने राहिलं की दुसरा रस्ता नव्हता म्हणून, हे विचारल्याशिवाय परंपरेची चर्चा पुरी होत नाही. मात्र कलाशाळेच्या आत त्यांनी जे केलं, त्याने कारागीर आणि कलाशाळा यांच्यातल्या भिंतीला भगदाड पडलं. तेलंगणातल्या निजामपूर गावातून आलेला लक्ष्मा गौड बडोद्यात भित्तिचित्र आणि मुद्राचित्रण शिकतो आणि आपल्या गावाचे देह, झाडं, बकऱ्या आपल्या रेषेत आणतो. ज्योती भट्ट गुजरात-राजस्थानातल्या घरांच्या भिंतींवरची आणि अंगणातली चित्रं वर्षानुवर्षं छायाचित्रांत टिपतात. हाकू शाह आदिवासींच्या मातीच्या मूर्तींचा अभ्यास उभा करतात. गावाकडचं पाहणं हे मागासलेपण नव्हे, हा भरवसा त्यांना ज्या आवारात मिळाला, ते घडवण्यात सुब्रमण्यन यांचा मोठा हात होता.

तिसरा आक्षेप त्यांच्या हसऱ्या स्वभावावर आहे. चित्रांत इतका खेळ, इतकी मिश्किली. काळाचं दुःख कुठे आहे? उत्तर १९७०-७१च्या मातीच्या फलकांत आहे. बांगलादेशच्या युद्धाच्या बातम्या येत होत्या, तेव्हा त्यांनी सेनापती आणि त्यांची विजयचिन्हं, या विषयावर भाजलेल्या मातीची उठावशिल्पं केली. छातीवर पदकांची रांग असलेले फुगीर सेनाधिकारी, आणि शेजारी तुटलेले हात, पाय, मानवी मांसाचे तुकडे. माती इथे कातडीसारखी चिमटलेली, दाबलेली, फाडलेली आहे. त्यात मिश्किली आहे, पण ती घशात अडकते. आणीबाणीवरचं त्यांचं पुस्तक, ‘द टेल ऑफ द टॉकिंग फेस’, मुलांच्या गोष्टीच्या घाटात सत्तेची गोष्ट सांगतं आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर, २०१३च्या सुमारास, त्यांनी धर्माधर्मांतल्या अवशेषांच्या झगड्यावर ‘वॉर ऑफ द रेलिक्स’ हे भिंतीएवढं चित्र रंगवलं. खेळकरपणा ही त्यांची पळवाट नव्हती. घोषणा न देता गंभीर गोष्ट सांगायची त्यांची ती रीत होती. आणि तिची कसोटी जत्रेतल्या, पुस्तकातल्या मुलासमोर लागलेली होती, ज्याला उपदेश लगेच कळतो आणि आवडत नाही.

शिक्षकाच्या मापाची अखेरची कसोटी विद्यार्थी असतात आणि इथे सुब्रमण्यन यांच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा मिळतो, तो असा की त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कुणीही त्यांच्यासारखं चित्र काढत नाही. गुलाममोहम्मद शेख यांची नकाशांसारखी, अनेक काळ एका पटावर आणणारी चित्रं, विवान सुंदरम यांची मांडणशिल्पं, लक्ष्मा गौड यांची रेषा, नीलिमा शेख यांचे टांगते पट यांत एकावरही गुरूची छाप मारलेली नाही. मृणालिनी मुखर्जी तर बिनोदबिहारींची मुलगी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्यात सुब्रमण्यन यांच्याकडे भित्तिरचनेचा अभ्यास करताना ती वनस्पतीजन्य तंतूंकडे वळली आणि पुढे तागाच्या दोरांना गाठी मारून माणसाहून उंच, देवतांसारख्या, फुलांसारख्या शिल्पांपर्यंत गेली. एका भिंतीवर बापाने सुब्रमण्यन यांना शिकवलं होतं. त्यांनी मुलीला भिंतच सोडायची मोकळीक दिली. शैली शिकवणाऱ्याकडून शैली मिळते, पण साहित्याला प्रश्न विचारायची सवय मिळाली की प्रत्येकाचं उत्तर निराळं निघतं. मुंबईतल्या आणि महाराष्ट्रातल्या कलाशाळांत आजही एखाद्या शिक्षकाच्या हाताची वळणं त्याच्या विद्यार्थ्यांच्या तीन-तीन तुकड्यांत ओळखता येतात, आणि आपण ते त्या शिक्षकाचं यश मानतो. त्याचा फेरविचार करायला हवा, असं मला कळकळीने वाटतं.

१९८० साली ते शांतिनिकेतनला परतले, ज्या कलाभवनात शिकले तिथेच प्राध्यापक झाले आणि निवृत्तीनंतरही बरीच वर्षं तिथे राहिले. विद्यार्थी त्यांना मणिदा म्हणत. कलाभवनाच्या डिझाइन विभागाच्या इमारतीवर बाहेरून त्यांनी काळ्या-पांढऱ्या रंगांत जे भित्तिचित्र केलं, ते नव्वदच्या दशकात झालं आणि हवापाण्याने उतरल्यावर २००९ साली, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी स्वतः परांचीवर चढून पुन्हा रंगवलं. पुन्हा म्हणजे तेच नव्हे. जुन्याची नक्कल न करता नवं. इमारतीच्या खिडक्या, कोपरे, खांब चित्रात अडथळा ठरत नाहीत. प्राणी त्यांना वळसा घालतात, आकृती कोपऱ्यावरून दुमडतात. चित्रसंग्राहकाला विकता येणार नाही, प्रदर्शनात नेता येणार नाही आणि पुढच्या पावसाळ्यांत पुन्हा फिकी पडेल, अशी ही भिंत. तिच्याखालून रोज विद्यार्थी वर्गात जातात. पद्मविभूषण मिळालं २०१२ साली. २९ जून २०१६ रोजी बडोद्यात त्यांचं निधन झालं.

पुढची पानं वाचणाऱ्याला एक व्यवहाराची सूचना करतो. चित्रं तारखांच्या क्रमाने पाहू नयेत. आधी खेळणी आणि मुलांची पुस्तकं पाहावीत, मग रवींद्रालयाची भिंत, मग १९७०-७१चे मातीचे फलक आणि त्यानंतर काचेवरची चित्रं. निबंध शेवटी ठेवू नयेत, अधूनमधून वाचावेत, कारण त्यांतले बरेचसे व्याख्यानांसाठी लिहिले गेले आणि समोर बसलेल्या विद्यार्थ्याचं भान त्यांत आहे. तैलचित्रं सगळ्यात शेवटी. ती आधी पाहिली, तर सुब्रमण्यन हे विसाव्या शतकातल्या चांगल्या भारतीय चित्रकारांपैकी एक वाटतील, आणि ते खोटंही नाही. या क्रमाने पाहिलं, तर कॅनव्हासवरच्या प्रत्येक खिडकीत, मांजरात आणि कुंडीत ती खूण कुठे शिकली गेली, कुणाबरोबर शिकली गेली, ते दिसू लागेल.